‘हा संगणक अपात्र आहे’, पण कशामुळे?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

विंडोज १० चा आधार संपल्यानंतर घरातल्या जुन्या संगणकाचे काय करावे, याविषयी आपल्या दैनिकात आलेला लेख वाचला. सुरक्षेचे अपडेट न मिळणाऱ्या यंत्रावर पैशांचे व्यवहार करू नयेत, हा त्यातला इशारा योग्यच आहे. परंतु ‘विंडोज ११ चालेल का, याच्या तपासणीचे ॲप चालवा आणि उत्तर नकारार्थी आले तर नवा संगणक घ्या’ एवढे सांगून लेख थांबतो, आणि माझा आक्षेप आहे तो तिथे थांबण्याला. ॲपचे ते उत्तर म्हणजे अंतिम निकाल नव्हे. ‘कागदपत्रे अपूर्ण’ असा शेरा मारून अर्ज परत यावा, तसा तो एक शेरा आहे, आणि कोणता कागद कमी पडला हे पाहिल्याशिवाय कोणी अर्ज फाडून टाकत नाही. मी बरीच वर्षे एका संस्थेतील संगणकांची देखभाल केली आहे. त्या अनुभवावरून सांगतो की ‘अपात्र’ या एकाच शब्दाखाली तीन-चार अगदी निरनिराळी कारणे दडलेली असतात, त्यांतली काही दहा मिनिटांत दूर होतात आणि काही कितीही खर्च केला तरी दूर होत नाहीत.

आधी तारखांविषयी थोडे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. याचा अर्थ त्या दिवशी संगणक बंद पडला असा नाही, तर सुरक्षेतील त्रुटी दुरुस्त करणारे मासिक अपडेट त्या दिवसापासून थांबले. वैयक्तिक वापरकर्त्यांसाठी मायक्रोसॉफ्टने वाढीव सुरक्षा-अपडेटची एक योजना जाहीर केली असून तिची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ आहे. तिच्यात नाव नोंदवण्यासाठी यंत्रावर विंडोज १० ची २२एच२ ही शेवटची आवृत्ती असावी लागते. आपल्या लेखात या योजनेचा उल्लेख नाही. ती सांगितली असती, तर घाईघाईने खरेदीला निघालेल्या वाचकाला निदान शांतपणे तपासणी करण्याइतकी सवड मिळाली असती.

आता त्या ॲपकडे येतो. त्याचे नाव ‘पीसी हेल्थ चेक’. मायक्रोसॉफ्टने २४ जून २०२१ रोजी विंडोज ११ ची घोषणा केली तेव्हाच ते उपलब्ध करून दिले, आणि अवघ्या काही दिवसांत मागेही घेतले, कारण ते नुसते ‘चालणार नाही’ एवढेच सांगत असे. का चालणार नाही, याबद्दल एक अक्षर नाही. लोकांनी ओरड केल्यावर कारणे दाखवणारी सुधारित आवृत्ती त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सर्वांसाठी आली. म्हणजे केवळ हो किंवा नाही एवढ्या उत्तराने भागत नाही, हे खुद्द कंपनीनेच मान्य केले होते. असे असूनही बहुतेक जण पहिला पडदा पाहतात, त्यावरचे लाल-पिवळे चिन्ह पाहून निराश होतात, आणि खाली असलेले ‘सर्व निकाल पाहा’ हे बटण दाबतच नाहीत. मला विचाराल तर या ॲपमधला खरा उपयोगाचा भाग त्या बटणामागेच आहे.

विंडोज ११ साठीच्या किमान अटी वाचल्या तर त्यांतल्या बऱ्याचशा किरकोळ वाटतात. दोन किंवा अधिक कोअरचा, निदान १ गिगाहर्ट्‌झ वेगाचा ६४-बिट प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, डायरेक्टएक्स १२ समजणारी ग्राफिक्सची सोय. गेल्या दहा वर्षांतले बहुतेक संगणक एवढ्यात सहज बसतात. अगदी स्वस्तातले, ३२ जीबी साठवणीचे छोटे लॅपटॉप मात्र इथेच अडकतात आणि त्यांतली साठवण बोर्डावरच पक्की बसवलेली असल्याने त्यांच्यापुरता प्रश्न मिटतो. बाकीच्यांचे घोडे अडते ते तीन ठिकाणी: टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी सोय), यूईएफआय (संगणक सुरू करण्याची नवी पद्धत) व सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त विश्वासार्ह सॉफ्टवेअर चालू देणारी सोय), आणि प्रोसेसरांची मान्य यादी. यांपैकी पहिल्या दोन अटी अनेकदा केवळ सेटिंगच्या असतात, तिसरी नसते. आपल्या लेखात या तिघांची एकत्र मोट बांधली आहे, त्यामुळे वाचकाचा घोटाळा होणे स्वाभाविक आहे.

माझ्या परिचयातील एका निवृत्त शिक्षिकांच्या घरी सुटे भाग जुळवून बनवलेला डेस्कटॉप आहे. तपासणीत तो अपात्र ठरला, तेव्हा त्यांनी बोलावलेल्या दुरुस्तीवाल्याने झाकण न उघडता आणि बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, न शिरता ‘मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम सगळेच बदलावे लागेल’ असे सांगितले. मी तो पाहिला तेव्हा त्यात इंटेलचा कोअर आय५-८४०० निघाला, म्हणजे मान्य यादीतला आठव्या पिढीचा प्रोसेसर. विंडोजची कळ आणि आर ही अक्षराची कळ एकत्र दाबून येणाऱ्या चौकटीत ‘टीपीएम डॉट एमएससी’ असे लिहिले की टीपीएमची स्थिती दाखवणारी खिडकी उघडते. तिथे सुसंगत टीपीएम सापडत नाही, असे उत्तर होते. आपल्या लेखात टीपीएमचे वर्णन ‘मदरबोर्डवरील सुरक्षेची चिप’ असे केले आहे. ते चुकीचे नाही, पण अपुरे आहे, आणि त्या अपुरेपणामुळेच लोक ही चिप विकत आणायला निघतात. इंटेल आणि एएमडी यांच्या अलीकडच्या प्रोसेसरांबरोबर टीपीएमचे काम फर्मवेअरमधूनच, म्हणजे यंत्रातच भरलेल्या मूळ सॉफ्टवेअरमधून, करण्याची सोय येते. बायोसमध्ये इंटेलच्या बाबतीत तिला ‘पीटीटी’ आणि एएमडीच्या बाबतीत ‘एफटीपीएम’ अशी नावे असतात. जुलै २०१६ च्या अखेरीपासून विंडोज १० घालून विकल्या जाणाऱ्या नव्या मॉडेलांमध्ये टीपीएम २.० चालू स्थितीत असावे, असा मायक्रोसॉफ्टचा नियम होता, त्यामुळे त्यानंतरच्या तयार लॅपटॉपमध्ये सहसा अडचण येत नाही. सुटा मदरबोर्ड घेऊन जुळवलेल्या डेस्कटॉपना हा नियम लागत नव्हता, आणि अशा बोर्डांत ही सोय असूनही ती कारखान्यातून बंद ठेवलेली असे. या बाईंच्या संगणकात नेमके तेच होते. पीटीटी चालू केले, संगणक पुन्हा सुरू केला, आणि त्याच खिडकीत आवृत्ती २.० दिसू लागली.

येथपर्यंत सोपे होते. पुढच्या पायरीवर चूक झाली आणि ती माझीच होती, म्हणून ती जरा विस्ताराने सांगतो.

त्याच चौकटीत ‘एमएसइन्फो३२’ लिहिल्यास संगणकाच्या माहितीचे पान उघडते. त्यात ‘बायोस मोड’ अशी एक ओळ असते. तिच्यापुढे यूईएफआय असेल तर चिंता नाही; ‘लेगसी’ असेल तर विंडोज जुन्या पद्धतीने बसवलेले आहे असे समजावे. बाईंचे यंत्र लेगसी पद्धतीवर चालत होते. मदरबोर्ड यूईएफआयचाच होता, पण जुळवणाऱ्याने सवयीने सीएसएम ही जुन्या पद्धतीने संगणक सुरू होऊ देणारी सोय चालू ठेवून विंडोज टाकलेले होते. मी उत्साहाच्या भरात बायोसमध्ये जाऊन सीएसएम बंद केले, बदल जतन केले, आणि समोर काळ्या पडद्यावर ‘बूट करण्याजोगे साधन सापडत नाही’ अशा अर्थाचे वाक्य आले. बाईंचा चेहरा उतरला. माझाही उतरला असणार. सीएसएम परत चालू करताच संगणक पूर्ववत सुरू झाला, माहिती कुठेही गेली नव्हती. पण हा क्रम आधी माहीत असता तर ती पाच मिनिटे टळली असती.

योग्य क्रम असा आहे. लेगसी पद्धतीच्या डिस्कवरील विभागांची मांडणी एमबीआर प्रकारची असते, यूईएफआयला ती जीपीटी प्रकारची लागते. विंडोज १० मध्येच ‘एमबीआर२जीपीटी’ नावाचे साधन आहे, ते डिस्कवरील माहिती न पुसता ही मांडणी बदलते. आधी त्याच्या ‘व्हॅलिडेट’ या पर्यायाने डिस्क रूपांतराला योग्य आहे का हे नुसते तपासून घ्यावे, मग रूपांतर करावे, आणि त्यानंतरच बायोसमध्ये जाऊन सीएसएम बंद करावे. या तपासणीत पुष्कळ जुने डेस्कटॉप नापास होतात, कारण एकाच डिस्कचे सी, डी, ई, एफ असे तुकडे पाडताना शेवटचे तुकडे लॉजिकल विभाग म्हणून केलेले असतात, आणि लॉजिकल विभाग असलेली डिस्क हे साधन स्वीकारत नाही. अशा वेळी त्या विभागांतला मजकूर दुसरीकडे हलवून ते काढून टाकणे किंवा सरळ बॅकअप घेऊन नव्याने विंडोज टाकणे, असे दोनच मार्ग राहतात. आणखी एक अडचण क्वचित येते: फार जुने सुटे ग्राफिक्स कार्ड यूईएफआयची भाषा जाणत नाही आणि सीएसएम बंद करताच पडद्यावर काहीच उमटत नाही. कार्ड काढून मदरबोर्डवरची ग्राफिक्सची जोडणी वापरली की सहसा भागते.

लॅपटॉपच्या बाबतीत मात्र बायोसला हात लावण्यापूर्वी एक गोष्ट पाहिलीच पाहिजे, आणि ती कोणीच सांगत नाही याचे मला आश्चर्य वाटते. अनेक लॅपटॉपवर डिस्कचे बिटलॉकर कुलूपीकरण मालकाच्या नकळत चालू असते. टीपीएम किंवा सिक्युअर बूटचे सेटिंग बदलले की यंत्राला संशय येतो आणि ते ४८ अंकी रिकव्हरी की मागते. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जतन झालेली असू शकते, पण ते खाते कोणत्या ईमेलवर उघडले होते आणि त्याचा पासवर्ड काय, हे त्या क्षणी आठवेलच असे नाही. म्हणून ही की आधी शोधून कागदावर उतरवावी, बिटलॉकर तात्पुरते स्थगित करावे, आणि मगच पुढे जावे. सिक्युअर बूटबद्दल एक बारीक खुलासा करतो: अट अशी आहे की यंत्रात सिक्युअर बूटची क्षमता असावी, ते प्रत्यक्षात चालू असलेच पाहिजे असे नाही. ते चालू ठेवणे चांगले, हे वेगळे सांगायला नको.

आता तिसऱ्या, म्हणजे प्रोसेसरच्या अटीकडे वळू. इथे कोणतेही सेटिंग कामी येत नाही. मायक्रोसॉफ्टने प्रोसेसरांच्या नावांची यादीच दिलेली आहे. ढोबळमानाने सांगायचे तर इंटेलच्या कोअर मालिकेतील आठवी पिढी आणि पुढचे, एएमडीच्या रायझन २००० मालिकेतील बरेचसे आणि पुढचे. इंटेलची पिढी ओळखणे सोपे आहे: आय५-८२५०यू मध्ये आडव्या रेघेनंतरचा ८ हा अंक पिढी सांगतो, आय५-७२००यू सातव्या पिढीचा, आय५-१०२१०यू दहाव्या पिढीचा. एएमडीच्या बाबतीत मात्र नावावर विसंबू नये. रायझन ५ २६०० यादीत आहे, तर रायझन ३ २२००जी आणि रायझन ५ २५००यू नाहीत, कारण नावात २००० चा आकडा असला तरी त्यांची आतली रचना पहिल्या पिढीचीच आहे. म्हणून नाव संपूर्ण वाचावे आणि ते जसेच्या तसे यादीत शोधावे. ‘रायझन आहे, म्हणजे चालेल’ असे म्हणून भागत नाही.

ही यादी न्याय्य आहे का, याबद्दल माझे मत संमिश्र आहे. जानेवारी २०१७ मध्ये आलेला कोअर आय७-७७००के हा चार कोअरचा, ४.२ गिगाहर्ट्‌झ मूळ वेगाचा प्रोसेसर यादीत नाही. त्याच वर्षाअखेर आलेला दोन कोअरचा, १.१ गिगाहर्ट्‌झ मूळ वेगाचा सेलेरॉन एन४००० यादीत आहे. सातव्या पिढीतील मोजके अपवाद कंपनीने नंतर मान्य केले आणि त्यांतला आय७-७८२०एचक्यू हा मायक्रोसॉफ्टच्याच सर्फेस स्टुडिओ २ या संगणकात बसवलेला होता, हे पाहून हसू आल्याशिवाय राहत नाही. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. अटी पूर्ण न करणाऱ्या यंत्रांवर चाचणीच्या काळात विंडोजच्या गाभ्याच्या पातळीवरचे बिघाड ५२ टक्के अधिक आढळले, असे कंपनीने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केले होते, आणि मेमरीच्या संरक्षणाची जी कामे विंडोज ११ मध्ये अपेक्षित आहेत ती जुन्या प्रोसेसरांवर केल्यास वेग लक्षणीय घटतो. तेव्हा यादीमागे काहीच कारण नाही असे मी म्हणत नाही. यादी वेगाची नव्हे, एवढे मात्र वाचकांच्या लक्षात आणून द्यायला हवे.

कारण यातूनच दुसरा, आपल्या लेखात अजिबात न आलेला प्रश्न उभा राहतो. ‘चालेल का’ आणि ‘झेपेल का’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि तपासणीचे ॲप फक्त पहिल्याचे उत्तर देते. वर सांगितलेला सेलेरॉन, त्यासोबत ४ जीबी रॅम आणि ६४ जीबीची मंद साठवण, असा लॅपटॉप त्या ॲपमध्ये हिरव्या खुणेने उत्तीर्ण होतो. त्यावर विंडोज ११ टाकून ब्राउझरच्या पाच-सहा खिडक्या उघडून पाहा, म्हणजे ‘पात्र’ या शब्दाचा अर्थ किती तोकडा आहे ते कळेल. हे आजचेही नाही. २००६ मध्ये संगणकांवर ‘विंडोज व्हिस्टा केपेबल’ असे स्टिकर लावून ते विकले गेले. त्यांतल्या अनेकांवर व्हिस्टाची फक्त सर्वांत साधी आवृत्ती चालत असे, तिचे बहुचर्चित एरो हे रूप इंटेलच्या ९१५ चिपसेटसारख्या ग्राफिक्सवर दिसतच नसे, आणि ग्राहकांनी २००७ मध्ये अमेरिकेत त्यावरून कंपनीला न्यायालयात खेचले. ‘केपेबल’ म्हणजे काय, हाच वादाचा मुद्दा होता.

झेपेल का, हे पाहण्यासाठी ॲप लागत नाही. आजचेच यंत्र नेहमीच्या कामात असताना टास्क मॅनेजर उघडावा आणि ‘परफॉर्मन्स’ या विभागात तीन गोष्टी पाहाव्यात. रॅम सतत ८०-९० टक्के भरलेली असेल, तर नवी आवृत्ती टाकण्याआधी ती वाढवावी. किती खाचा वापरात आहेत हेही तिथेच दिसते, मात्र काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डाला डाख लावून जोडलेली असते आणि तिथे इलाज नसतो. डिस्कचा वापर काहीही न करता १०० टक्क्यांवर खिळलेला असेल आणि प्रकार ‘एचडीडी’ असा दिसत असेल, तर त्या फिरत्या डिस्कच्या जागी एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान साठवण) बसवल्याने जो फरक पडतो तो दुसऱ्या कोणत्याही बदलाने पडत नाही. संस्थेतील सात-आठ वर्षे जुन्या यंत्रांना मी हेच केले, आणि लोकांना ती नवी आणली आहेत असे वाटले. प्रोसेसर मात्र साधे काम करतानाही पूर्ण भारावर राहत असेल, तर त्या यंत्राकडून फार अपेक्षा ठेवू नये.

३२-बिट विंडोजचीही एक गफलत नेहमी होते. विंडोज ११ ची ३२-बिट आवृत्ती नाही, हे खरे आहे; म्हणून ज्यांच्या संगणकावर ३२-बिट विंडोज १० आहे ते यंत्रच बाद समजतात. ‘सिस्टिम टाइप’ या ओळीत ‘३२-बिट ऑपरेटिंग सिस्टिम, एक्स६४-आधारित प्रोसेसर’ असे लिहिलेले असेल, तर प्रोसेसर ६४-बिट आहे आणि फक्त विंडोज ३२-बिट टाकलेले आहे, एवढाच त्याचा अर्थ. अशा ठिकाणी आहे त्यावरच नवी आवृत्ती चढवता येत नाही, बॅकअप घेऊन कोऱ्या डिस्कवर नव्याने सुरुवात करावी लागते, आणि ३२-बिटचे ड्रायव्हर (जोडलेली उपकरणे चालवणारे सॉफ्टवेअर) तसेच फार जुने १६-बिट प्रोग्राम त्यानंतर चालत नाहीत. ज्यांचे हिशेबाचे किंवा यंत्रचालनाचे एखादे वीस वर्षे जुने सॉफ्टवेअर अजून वापरात आहे, त्यांनी हे आधीच तपासावे.

अटींना बगल देऊन विंडोज ११ टाकण्याच्या युक्त्याही सर्वत्र सांगितल्या जातात. त्या चालतात, हे मी नाकारत नाही. पण अशा यंत्राला पुढे अपडेट मिळण्याची हमी कंपनी देत नाही आणि दरवर्षीची मोठी आवृत्ती तिथे आपोआप येत नाही, ती दरवेळी हाताने चढवावी लागते. शिवाय २४एच२ या आवृत्तीपासून पॉपसीएनटी आणि एसएसई४.२ या प्रोसेसरमधील सूचना अनिवार्य झाल्या आहेत. कोअर २ ड्युओसारख्या प्रोसेसरांत त्या नसल्याने तिथे ती आवृत्ती सुरूच होत नाही, कोणतीही युक्ती केली तरी. प्रयोगासाठी ठेवलेल्या यंत्रावर हा खटाटोप जरूर करावा. ज्यांना स्वतःला बायोस कुठे असते हे ठाऊक नाही, त्यांच्या रोजच्या वापराच्या संगणकावर तो करून देणे मला योग्य वाटत नाही.

मॅकबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही, कारण तिथे हिशेब मॉडेल आणि वर्ष यांचा असतो. ‘अबाउट धिस मॅक’ मध्ये मॉडेलचे नाव व साल पाहावे आणि ॲपलच्या यादीशी ताडून घ्यावे. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेली मॅकओएस टाहो ही इंटेल प्रोसेसरच्या मॅकवर चालणारी शेवटची आवृत्ती आहे, आणि तीही २०१९ व २०२० च्या मोजक्या चार मॉडेलांपुरती.

लिनक्सची गोष्ट निराळी आहे, आणि तपासणीच्या दृष्टीने मला तीच सर्वांत प्रामाणिक वाटते. उबुंटू किंवा मिंटसारखी प्रणाली पेन ड्राइव्हवर घेऊन संगणक थेट तिच्यावरून सुरू करता येतो, डिस्कवर काहीही न लिहिता. पात्रतेच्या याद्या वाचत बसण्यापेक्षा अर्धा तास प्रत्यक्ष वापरून पाहावे: वाय-फाय जोडले जाते का, आवाज येतो का, पडद्याचा उजेड कमी-जास्त होतो का, झाकण मिटून उघडल्यावर यंत्र जागे होते का. पेन ड्राइव्हवरून सारे थोडे संथ चालते, हे गृहीत धरावे. अगदी जुन्या, खऱ्या अर्थाने ३२-बिट प्रोसेसरच्या यंत्रांसाठी मात्र ही दारेही मिटत चालली आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ पासून ३२-बिट पीसीसाठीचा इन्स्टॉलर दिला जात नाही.

तेव्हा माझी विनंती अशी की आपण या विषयावर पुन्हा लिहाल तेव्हा, ॲपचा निकाल काय आला यापेक्षा त्यात कोणती अट नापास झाली, हे वाचकांना पाहायला सांगावे. टीपीएम किंवा सिक्युअर बूट असेल तर बायोस तपासावे, गरज पडल्यास मदरबोर्डच्या कंपनीचे बायोस अपडेट घ्यावे. प्रोसेसर असेल तर विंडोज ११ चा विचार सोडून वाढीव अपडेट, लिनक्स किंवा नवे यंत्र यांतून निवड करावी.

बाईंच्या संगणकाचे पुढे काय झाले, ते सांगायचे राहिले. डिस्कचे रूपांतर झाले, ॲपने हिरवी खूण दाखवली, बॅकअप एका बाहेरच्या डिस्कवर घेतला आणि विंडोज ११ चढवले. सगळे सुरळीत आहे असे समजून मी घरी आलो. चौथ्या दिवशी त्यांचा फोन आला की स्कॅनर चालत नाही. त्याच्या निर्मात्याने विंडोज ७ नंतर नवा ड्रायव्हरच काढलेला नव्हता. जुना विंडोज १० वर कसाबसा तग धरून होता. सेटिंगमधील ‘रिकव्हरी’ विभागातून मागच्या विंडोजवर परतण्याची सोय नवी आवृत्ती चढवल्यानंतर १० दिवसच असते, त्यानंतर जुन्या फायली पुसल्या जातात. हे माहीत असल्याने आम्ही शांतपणे विचार करू शकलो. शेवटी स्कॅनरच्या जुन्या ड्रायव्हरऐवजी बाहेरचे एक स्कॅनिंगचे सॉफ्टवेअर वापरून पाहिले, आणि आठव्या दिवशी त्यांनी नातवंडांच्या जुन्या फोटोंचे स्कॅनिंग पुन्हा सुरू केले. प्रिंटर, स्कॅनर, डिजिटल सहीचे टोकन, जे काही संगणकाला जोडले जाते ते सगळे वाचकांनी त्या दहा दिवसांत एकेकदा जोडून पाहावे.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक